वीज, वाद्य आणि रात्र : रॉक वाद्यवृंदांची ‘अनप्लग्ड’ मैफल आणि धाराशिव जिल्ह्यातील गोंधळ

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना राग, घराणी, रचनाकार आणि आश्रयदाते यांची नोंद घेतली जाते. आवाजाच्या पल्ल्याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. गाणे किती अंतरापर्यंत ऐकू जात होते, तो आवाज कोणत्या साधनाने वाढवला गेला, वाढलेल्या आवाजाने कोणाची सोय झाली आणि कोणाचे काम हिरावले गेले, हे वस्तुतः सामाजिक इतिहासाचे प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन परंपरांचा एकत्र विचार केला आहे. पहिली परंपरा पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंदांची आहे. विजेवर वाजणारी वाद्ये बाजूला ठेवून आपलीच गाजलेली गाणी लाकडी गिटारवर श्रोत्यांसमोर सादर करण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, ती ‘अनप्लग्ड’ या नावाने ओळखली जाते. दुसरी परंपरा तुळजापूरच्या भवानीच्या नावाने घराच्या अंगणात रात्रभर चालणाऱ्या गोंधळाची आहे.

ही जोडी सकृद्दर्शनी विजोड वाटेल. परंतु दोन्हींच्या मुळाशी गाणे आणि वीज यांचे नाते आहे, आणि त्या नात्याची दिशा परस्परविरुद्ध आहे. एकीकडे विजेच्या पोटी जन्मलेले संगीत स्वेच्छेने विजेपासून दूर झाले. दुसरीकडे विजेची गरजच नसलेल्या संगीतावर वीज बाहेरून येऊन बसली. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ‘विजेविना’ म्हणजे ‘हळू आवाजात’ असा समज दृढ झालेला आहे. हा समज गोंधळाच्या बाबतीत चुकीचा आहे, आणि लेखाच्या शेवटी दिसेल त्याप्रमाणे तो केवळ सैद्धांतिक चुकीचा प्रश्न उरत नाही.

(उस्मानाबाद शहर व जिल्हा यांचे नामांतर २०२३ मध्ये अधिकृतपणे अमलात आले. त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहितानाही येथे ‘धाराशिव’ हेच नाव वापरले आहे.)

गिटारचा दुबळा आवाज

विद्युत गिटारचा उगम कलात्मक बंडातून झाला नाही. तो ऐकू न येण्याच्या तक्रारीतून झाला. १९२० नंतरच्या अमेरिकन नृत्यवृंदांत पितळी फुंकवाद्यांच्या गर्दीत गिटार हरवून जात असे. १९३० च्या दशकाच्या आरंभी तारेच्या कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी गिटार बाजारात आली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वृंदात चार्ली ख्रिश्चन हा गिटारवादक आला आणि मागे बसून ठेका धरणारे हे वाद्य पुढे येऊन एकल वादन करू लागले. पुढच्या दोन दशकांत रॉक संगीत उभे राहिले ते या वाढवलेल्या आवाजावर. ध्वनिवर्धकातून फाटून, घोगरा होऊन येणारा स्वर हा आधी दोष मानला जात होता. रॉक वादकांनी त्यालाच गुण ठरवले. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विद्युत गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी केलेला निषेध संगीताच्या इतिहासात नोंदला गेला आहे. लोकगीताचा गायक वीज जोडतो म्हणजे तो बाजाराला विकला जातो, अशी त्या निषेधामागची भावना होती.

पंचवीस वर्षांच्या आत हाच न्याय उलटा लावला गेला. रॉक हाच बाजार झाला होता. आता वीज काढून टाकणे हे सच्चेपणाचे लक्षण ठरले. याची पूर्वचिन्हे आधी दिसली होती. लेड झेपेलिन या वृंदाच्या १९७० नंतरच्या मैफलींत मधला काही वेळ वादक खुर्च्यांवर बसून लाकडी वाद्यांवर गात असत. १९७९ मध्ये लंडनच्या एका मदतनिधी कार्यक्रमात पीट टाउनशेंड यांनी आपल्या वृंदाची गाणी एकट्याने, लाकडी गिटारवर म्हटली. तथापि या पद्धतीला नाव आणि साचा मिळाला तो १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील एमटीव्ही वाहिनीने ‘अनप्लग्ड’ ही मालिका सुरू केल्यावर. एरिक क्लॅप्टनच्या १९९२ च्या कार्यक्रमात या पद्धतीची ताकद स्पष्ट झाली. ‘लैला’ हे त्याचे १९७० चे गाणे मूळ रूपात विद्युत गिटारच्या आक्रोशावर उभे होते. १९९२ मध्ये ते संथ लयीत, बसून, जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले गेले. शब्द बहुतांशी तेच होते, परंतु तरुणाची तडफड जाऊन मध्यमवयीन माणसाचे स्मरण त्यात आले. वीज काढल्याने गाणे केवळ हलके झाले नाही, त्याचा अर्थ बदलला.

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली निर्वाणा या वृंदाची मैफल या बाबतीत अधिक बोलकी आहे. त्या वृंदाने आपली बहुतेक लोकप्रिय गाणी टाळली आणि सहा गाणी इतरांची निवडली. श्रोते थोडे होते, मंचावर मेणबत्त्या व पांढरी फुले होती. आणि गंमत अशी, की गायक कर्ट कोबेन याने आपली लाकडी गिटार ध्वनिवर्धकाला जोडण्याचा हट्ट धरला होता. तो ध्वनिवर्धक प्रेक्षकांना दिसू नये म्हणून आड ठेवण्यात आला. ‘अनप्लग्ड’ मैफलीतील ही झाकलेली तार फसवणूक म्हणून पाहण्याचे कारण नाही. ध्वनिग्राहक, ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण यांच्याशिवाय तो कार्यक्रम लोकांपर्यंत पोहोचलाच नसता. या पद्धतीत वीज खऱ्या अर्थाने कधीच जात नाही. ती श्रोत्याच्या नजरेआड होते. जे खरोखर बदलते ते श्रोत्याचे गाणाऱ्यापासूनचे अंतर. मैदानातील हजारोंऐवजी खोलीतील शंभर-दोनशे माणसे, आणि त्यांच्या समोर बसलेला गायक.

मुंबईतील एक उदाहरण

महाराष्ट्रात या पद्धतीचे ठळक उदाहरण मुंबईत सापडते. १९८४ मध्ये स्थापन झालेला ‘रॉक मशीन’ हा वृंद स्वतःची इंग्रजी गाणी रचून गाणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय रॉक वृंदांपैकी एक होता. १९८८ मध्ये त्यांची पहिली ध्वनिफीत आली. १९९३ मध्ये वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि १९९७ मध्ये तो विखुरला. गायक उदय बेनेगल काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहिले. परतल्यावर, नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी जुने सहकारी गिटारवादक महेश तिनईकर यांच्यासह ‘व्हर्लिंग कलापाज’ नावाने लाकडी वाद्यांवरील छोट्या मैफली सुरू केल्या. २०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये त्यांचा नवा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे विखुरलेला विद्युत वृंद पुन्हा जुळण्याआधी त्याच्या दोन वादकांनी विजेविना एकत्र बसून घेतले. २०११ मध्ये एमटीव्हीच्या भारतीय वाहिनीनेही ‘अनप्लग्ड’ मालिका सुरू केली, आणि हा शब्द महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांच्या पत्रिकांपर्यंत पोहोचला. गॅदरिंगमधला एखादा विद्यार्थी गिटार घेऊन हिंदी चित्रपटगीत म्हणतो, तेव्हा त्याला आता ‘अनप्लग्ड’ म्हणण्याची पद्धत आहे. ज्या गाण्याला कधी प्लग नव्हता त्यालाही हे विशेषण लावता येईल काय, असा प्रश्न कोणाला पडत नाही. धाराशिव जिल्ह्यात मात्र तो पडायला हवा.

संबळ : मोकळ्या जागेचे वाद्य

तुळजापूरची भवानी ही महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आणि असंख्य कुळांची कुलस्वामिनी होय. लग्नासारखे मंगलकार्य झाल्यावर तिच्या नावाने गोंधळ घालण्याचा कुळाचार मराठवाड्यात व त्याबाहेरही दूरवर पसरलेला आहे. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई असे दोन वर्ग मानले जातात. पहिले तुळजाभवानीचे उपासक, दुसरे माहूरच्या रेणुकेचे. महाराष्ट्रात या समाजाची गणना भटक्या जमाती (ब) प्रवर्गात होते. मध्ययुगीन संगीतग्रंथांतील ‘गौंडली’ या नृत्यप्रकाराशी गोंधळाचे नाते काही अभ्यासकांनी जोडले आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात रचल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गौंडलीचे वर्णन येते. ते नाते व्युत्पत्तीच्या कसोटीवर निर्विवाद ठरो वा न ठरो, सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी गोंधळाचे रूपक भारुडांसाठी वापरले, यावरून तोपर्यंत हा विधी घरोघरी परिचित होता हे निश्चित म्हणता येते. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांच्या लेखनाने या उपासकवर्गाच्या अभ्यासाला विद्यापीठीय क्षेत्रात स्थान मिळवून दिले.

गोंधळाची मांडणी सर्वपरिचित असली तरी ध्वनीच्या अंगाने ती पुन्हा पाहणे आवश्यक आहे. पाटावर नवे वस्त्र घालून त्यावर धान्याचा चौक भरला जातो, कलश मांडला जातो, दिवटी पाजळली जाते. चार-पाच जणांच्या ताफ्यात मुख्य गोंधळी, संबळवादक, तुणतुणेवाला आणि झांजवाला असतात. तुणतुणे हे लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे लावून केलेले एकतारी वाद्य. त्याची एकच तार एकच स्वर धरून ठेवते आणि गायकाला आधार देते. झील धरणारे साथीदार गायकाच्या ओळीचा शेवट उचलून तो लांबवतात. मुख्य गायकाला श्वास घेण्यास उसंत मिळते आणि शब्द अंगणाच्या कडेपर्यंत पोहोचतो. ध्वनिवर्धनाची ही मानवी व्यवस्था आहे. एका कंठाचा पल्ला कमी पडतो, तेथे दुसरा कंठ जोडला जातो.

संबळाचे मात्र तसे नाही. लहान-मोठ्या दोन वाद्यांची ही जोडी कमरेला बांधून काठ्यांनी वाजवली जाते. त्यांतील एका काठीचे टोक वाकडे असते. हे वाद्य मुळातच मोकळ्या जागेसाठी आहे. त्याचा कडक, टणत्कारी नाद रात्रीच्या शांततेत वस्तीभर ऐकू जातो. गोंधळ कोणाकडे आहे हे गावाला सांगावे लागत नाही. अमेरिकन नृत्यवृंदातील गिटारला जी अडचण होती ती संबळाला कधीच नव्हती. म्हणून ‘विजेविना’ हा शब्द गिटारच्या बाबतीत मंद, जवळचा, खोलीतला आवाज सुचवतो. संबळाच्या बाबतीत तो असे काहीच सुचवत नाही.

पण एका गोष्टीत ही दोन टोके जवळ येतात, आणि ती म्हणजे श्रोत्याशी असलेले अंतर. गोंधळाच्या पूर्वरंगात गण होतो आणि ठिकठिकाणच्या देवतांना त्यांच्या गावांच्या नावांसह पाचारण केले जाते. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, पंढरपूर, जेजुरी अशी महाराष्ट्राची एक देवभूगोलमालाच त्या अंगणात उभी राहते. त्यातच यजमानाच्या घराण्याचे कुलदैवत येते, यजमानाचे नाव येते. उत्तररंगात आख्यान लागते. पुराणातील वा लोककथेतील प्रसंग गद्य-पद्यातून, विनोदाच्या पेरणीसह, साथीदाराशी प्रश्नोत्तरे करीत रंगवला जातो. समोरचा म्हातारा कोठे हसला, बायका कोठे डोळे पुसू लागल्या, हे पाहून गोंधळी कथा लांबवतो किंवा आवरतो. पहाटे आरती होते. हे लांबवणे-आवरणे ही या कलेची खरी संपत्ती आहे, आणि तिला दोन गोष्टी लागतात : चेहरे दिसतील एवढे अंतर आणि अख्खी रात्र.

आराध्यांचे मेळे याच परिसरात, तुळजापूर आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रांत, वेगळ्या रीतीने उभे राहिले. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

भोंगा, कॅसेट आणि मंगल कार्यालय

हैदराबाद संस्थानातून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या या जिल्ह्यातील खेड्यांत विजेचा व्यापक प्रसार झाला तो १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतरच्या दशकांत. ध्वनिक्षेपकाचा भोंगा मात्र विजेच्या आधीच बॅटरीवर आला होता. जत्रा, निवडणूक, तमाशाची जाहिरात असा त्याचा प्रवास झाला. गोंधळात ध्वनिक्षेपक शिरला तेव्हा तो गायकाच्या तोंडापुढे आला. संबळाला त्याची आवश्यकता नव्हती. परिणामी एक विचित्र असमतोल निर्माण झाला. ध्वनिग्राहकापुढे गायकाला उभ्या जागी खिळावे लागले, आणि चौकाभोवती फिरत, नाचत, यजमानाच्या पुढ्यात जाऊन गाण्याची मुभा आकसली. झीलकऱ्यांच्या कंठाचे जे काम होते ते तारेने घेतले.

कॅसेटने याहून खोल परिणाम केला. १९८० च्या दशकात स्वस्त झालेल्या ध्वनिफितीमुळे देवीची गाणी तीर्थक्षेत्राच्या बाजारपेठेत विक्रीची वस्तू झाली. नेहमीच्या साठ मिनिटांच्या ध्वनिफितीच्या एका बाजूवर अर्धा तास मावतो. गणातील नमन, पाचारणाची पदे, जोगव्याची गाणी त्यात सहज बसली. रात्रभराचे आख्यान बसले नाही. त्यामुळे बाजारात जे गेले ते पूर्वरंगाचे तुकडे होते, आणि ऐकणाऱ्याला तोच गोंधळ वाटू लागला. कॅसेटने गोंधळाचा प्रसार केला हे खरे. तो अर्धाच केला, हेही तितकेच खरे.

आख्यान जपले गेले ते काही प्रमाणात रंगमंचावर. मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधन केंद्राने अशोकजी परांजपे यांच्या पुढाकाराने ग्रामीण प्रयोगप्रकार नागर प्रेक्षकांपुढे आणले. परभणीचे ख्यातनाम गोंधळी राजाराम कदम यांचे नाव मराठवाड्याबाहेर पोहोचले. द्रौपदी आणि कर्ण यांच्याविषयीचे ‘जांभूळ आख्यान’ लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी (निधन २०१०) नाट्यगृहांत रंगवले, आणि ज्या वर्गाने कधी गोंधळ पाहिला नव्हता त्या वर्गाने तो तिकीट काढून पाहिला. ही कामगिरी मोठी आहे. तरीही अंधारातील प्रेक्षागृहात बसलेला श्रोता यजमान नसतो; त्याचे नाव गाण्यात येत नाही. मंचावरचा गोंधळ आणि ‘अनप्लग्ड’ मैफल यांचे साम्य येथे सर्वाधिक आहे : दोन्ही ठिकाणी जवळिकीचा अनुभव कुशलतेने घडवला जातो, आणि दोन्ही ठिकाणी तो अनुभव विकत घेतला जातो. रॉक वादकाचे यात काही बिघडत नाही, कारण त्याची कला प्रथमपासून बाजारातच वाढली. गोंधळ्याचे बिघडते, कारण नाट्यगृहात जाणारे दोन-चारच असतात. उरलेल्यांचे पोट वाटून घेतलेल्या गावांतील यजमानांच्या लग्नांवर असते.

ती लग्ने आता मंगल कार्यालयांत होतात. सभागृह दिवसाच्या भाड्याने मिळते. रात्रीच्या जागरणाची सोय तेथे नसते. वरातीचा मान डीजेने घेतला. गोंधळ पुष्कळ कुटुंबांनी सोडला नाही, कारण देवीचा कोप कोणी ओढवून घेत नाही. त्यांनी तो उरकता घेतला. चौक भरायचा, पाचारण करायचे, दिवटी ओवाळायची, आरती करायची. तासाभरात विधी पुरा होतो, दक्षिणा दिली जाते. यात जे वगळले जाते ते आख्यान. विधी म्हणून गोंधळ टिकला आणि कला म्हणून तो उपाशी राहिला, असे या स्थितीचे वर्णन करता येईल. तरुण गोंधळ्याला पाचारणाची पदे येतात, कारण ती दर लग्नात लागतात. आख्याने वडिलांबरोबर जातात, कारण ती म्हणण्याची वेळच येत नाही.

दहा वाजल्यानंतर

या प्रक्रियेत कायद्याचाही एक वाटा आहे, आणि लोककलांच्या अभ्यासात त्याची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये अमलात आले. रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा ठरला आणि त्या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी झाली. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निर्णय दिला. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डीजेच्या भिंतींनी त्रासलेल्या रुग्णांचा, वृद्धांचा आणि परीक्षार्थींचा विचार करता हे नियम आवश्यक होते, याविषयी दुमत असू नये.

तथापि २०१० मधील दुरुस्तीने रात्रीच्या बंदीचे क्षेत्र वाढवले. ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धकाबरोबर आवाज करणारे कोणतेही साधन आणि वाद्य हे शब्द नियमात आले. अपवाद ठेवला तो प्रेक्षागृह, सभागृह, मेजवानीगृह यांसारख्या बंदिस्त जागांतील अंतर्गत वापराचा आणि सार्वजनिक आपत्तीचा. या वाक्यरचनेचा परिणाम असा होतो, की मुंबईतील बंद दालनात रात्री अकराला गिटार घेऊन बसलेला वादक नियमाच्या अपवादात येतो, त्याच्यापुढे ध्वनिवर्धक असला तरी. तुळजापूर तालुक्यातील एखाद्या घराच्या उघड्या अंगणात, एकही तार न जोडता, काठीने वाजणारा संबळ मात्र त्याच वेळी नियमाच्या अक्षरार्थाने बंदीत येतो. नियम करणाऱ्यांपुढे डीजे होता. शब्दांच्या जाळ्यात संबळही आला. विजेविना वाजणारे ते मंदच असणार, या शहरी गृहीतकाची ही दुसरी बाजू आहे : जे मंद नाही ते सगळे सारखेच गोंगाट.

राज्य सरकारला सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी वर्षातून एकूण पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार आहे. नवरात्र आणि गणेशोत्सव अशा सार्वजनिक सणांना ही तरतूद उपयोगी पडते. घरगुती गोंधळाला तिचा फारसा उपयोग नाही. त्याची तिथी पंचांगातील सणावर नव्हे, त्या घरातील लग्नावर ठरते. आणि दिवसभराचे पाहुणे, जेवणावळ आटोपून चौक भरेपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. पूर्वरंगातच मध्यरात्र होते. आख्यान त्यानंतर लागते.